मी ज्याच्या पाया पडली

सर अर्धे उठले होते खुर्चीवरून.

एक हात खुर्चीच्या दांड्यावर, दुसऱ्या हातानं शर्ट खाली ओढून राहिले होते. पांढरा शर्ट, नवा, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. बाजूले काकू, सरायच्या घरच्या, बसल्या होत्या. त्यायनं सरायच्या हातातली पिशवी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली. माइकवरचा माणूस बोलतच होता, "ज्यांनी या मातीतल्या मुलींना धावायला शिकवलं, ज्यांच्या घामातून या शाळेचं नाव विभागात गाजलं, असे आपल्या सर्वांचे लाडके क्रीडा मार्गदर्शक..."

अन् नाव घेतलं मनोज सरचं.

मनोज सर म्हणजे संस्थेच्या अध्यक्षाचा भाचा. तो स्टेजवरच बसला होता. उठला, कोट सावरला, हात जोडले. टाळ्या वाजल्या. खाली माहे सर अर्धे उठलेले तसेच राहिले. बसावं का उभं राहावं, त्यायले उमजेना. मांगून कोणीतरी म्हणे, "ओ काका, खाली बसा ना. दिसून नाही राहिलं." तवा बसले.

हे मी वरून पाहिलं, स्टेजवरून. डोक्यावर फेटा, आंगावर खाकी वर्दी, खांद्यावर शाल. मी त्या दिवशीची सत्कारमूर्ती होती.

इथवरचं सांगायले सोपं हाय. याच्या पुढचं जड जाते.

माइकवरचा म्हणाला, "आता आपल्या शाळेची ही वाघीण आपल्या गुरूंचा आशीर्वाद घेईल." मी उठली. मनोज सरपाशी गेली अन् वाकली. त्याच्या बुटाले हात लावला, तोच हात कपाळाले लावला. त्यानं माह्या फेट्यावर हात ठेवला. फोटोवाला म्हणे, "ताई, एकदा अजून." मी अजून एकदा वाकली.

कोणी मान धरून वाकवलं नव्हतं. कोणी धमकी देली नव्हती. सरायचं नाव चुकलं हे मले कळलं होतं, सर अर्धे उठलेले मी माह्या डोळ्यानं पाहिले होते, अन् तरी माही कंबर वाकली. आमच्याकडे पोरीले चालता आलं का पाया पडायले शिकवते. आत्या आली, पड. गुरुजी आले, पड. अध्यक्षाच्या घरची म्हातारी जीपमधून उतरली, पड. कोणाच्या अन् कावून, हे इचारायचं नाही. डोक्यात इचार पोचायच्या आधी हात पायापाशी पोचते. हा बहाणा नाही सांगून राहिली मी. बहाणा असता त रात्री झोप लागली असती.

झालं असं का, मले शाळेतून फोन आलता. शाळेचा सुवर्णमहोत्सव हाय, जुन्या खेळाडूंचा अन् मार्गदर्शकांचा सत्कार ठेवला, तुमी वनरक्षक झाल्या, तुमी आल्याच पाहिजे. "अन् ताई, वर्दीवर या. फोटो चांगला येते."

मार्गदर्शक हा शब्द कानावर पडला अन् पुढचं मी काही ऐकलंच नाही. माह्या डोक्यात मार्गदर्शक म्हणजे एकच माणूस. कोणाचा सत्कार, हे इचारायची गरजच वाटली नाही. फोन ठेवला अन् लगेच सरायले लावला. सर आता अंजनगाव सुर्जीले राहतात, साळ्याच्या कृषी केंद्रात बसतात, बियाणं अन् फवारणीचं औषध इकतात.

मी म्हटलं, "सर, शाळेत तुमचा सत्कार हाय. शेवटी आठवण आली त्यायले."

सर म्हणाले, "मले त कोणी सांगतलं नाही."

"सांगतीन ना. अन् मी सांगून राहिली ना. तुमी या फक्त. काकूले बी आणा."

म्हणजे शाळेनं बोलावलंच नव्हतं त्यायले. मी बोलावलं. त्या मांडवात, त्या खुर्चीपर्यंत, त्यायले हात धरून नेणारी मीच.

सर कोण, हे सांगतल्याशिवाय हे कळणार नाही.

आमी माळ्याचे. हिवरखेडच्या पुढे आमचं गाव. बापाचा भाजीचा मळा. वांगे, मेथी, हिरवा संभार. शाळेत जायच्या आधी मी जुड्या बांधत होती, अन् माय टोपलं घेऊन बाजारात बसत होती. शाळेत आमाले नावं नव्हती. मी भाजीवालीची. बाजूच्या बाकावरची खालच्या पुऱ्यातली. तिले नावानं हाक मारताना मी मास्तरले ऐकलं नाही.

मोठ्या घरच्या लोकायनं पोरीयले कधी चड्डीवर मैदानात उतरू देलं नाही. त्यामुळे खो-खोचा संघ आमचा झाला. माळ्याच्या पोरी, बौद्धपुऱ्यातल्या पोरी, एक भोयाची. अध्यक्ष हसून म्हणे, "हा संघ हाय का रोजंदारीची टोळी?" आमी बी हसत होतो. आमाले वाटे, मोठा माणूस गंमत करते.

मंग सर आले. सर बी मोठ्या घरचे नव्हते. अमरावतीहून बी.पी.एड. करून आलते. विनाअनुदानित जागेवर लागले. म्हणजे काम पुरं अन् पगार नावाले. शाळेले अनुदान आलं का जागा पक्की करू, असा शब्द अध्यक्षानं देलता. त्या शब्दावर सर सकाळी सगळ्यायच्या आधी मैदानात येत. फक्कीच्या रेघा स्वतः आखत.

पहिल्या दिवशी आमी खो-खोच्या रांगेत बसलो अन् सगळ्याजणी चड्डी खाली ओढत बसलो. कंपाउंडवर पोट्टे बसले होते. सरायनं पाहिलं. म्हणाले, "कपड्याकडे पाहणाऱ्याकडे पाहू नका. खांबाकडे पाहा." एवढंच. अन् कंपाउंडवरच्या पोट्ट्यायले हाकललं.

सर आमच्या घरी आले. बापाले समजवायले. ओट्यावर पोत्यावर बसले, मायनं बशीत चहा देला, तो प्याले. शाळेतला माणूस आमच्या घरी चहा पेतो हे पाहायले शेजारच्या बाया दारात उभ्या राहिल्या. ते गेल्यावर बाप म्हणे, "जाऊ दे पोरीले. माणूस चांगला हाय."

खांबावरून सूर मारायचं त्यायनंच शिकवलं. धावत जाऊन, एका हातानं खांब धरून, आंग झोकून देऊन समोरचीले बाद करायचं. मी भ्यायची. सर म्हणत, "पडशीन त माती हाय खाली. माती काय खात नाही तुले." अमरावतीच्या विभागीय सामन्यात शेवटची पोरगी मी तशीच बाद केली. हनुवटी फुटली. सरायनं आपला रुमाल दाबून धरला अन् दुसऱ्या हातानं सगळ्या पोरीयच्या पाठी थोपटून राहिले होते. आमी जिंकलो होतो. परत येताना गाडीत आमी एवढ्या ओरडलो का ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवली.

त्याच उन्हाळ्यात अध्यक्षाच्या पोरीचं लग्न निघालं. वाड्यावरून निरोप आला, संघातल्या पोरी संघाच्या ड्रेसवर पाठवा. दारात उभ्या राहतीन, पाहुण्यायवर गुलाबपाणी मारतीन. आमाले आनंदच झाला. एवढं मोठं लग्न. मायनं माह्या केसाले तेल लावून वेण्या घालून देल्या.

गुलाबपाणी झालं. मंग पंगतीत पाणी वाटायले लावलं. मंग अध्यक्षाची वहिनी आली, माह्याकडे बोट करून म्हणे, "ए भाजीवालीची, उभी काय राहिली? पत्रावळी उचल."

माह्या वर्गातल्या पोरी पंगतीले बसल्या होत्या. त्यायच्या समोरून मी वाकून उष्ट्या पत्रावळी उचलल्या. विभागात जिंकलेल्या संघाचा ड्रेस होता आंगात. वरणाचा ओघळ छातीवरच्या शाळेच्या नावावर आला. मी हातानं पुसला, तो अजून पसरला. एक पोरगी तिच्या मायले म्हणे, "हेच ते खो-खोवाली." माय म्हणे, "हाव का?" अन् आपली पत्रावळ माह्याकडे सरकवली.

सर पाहुणे म्हणून आलते. त्यायनं पाहिलं. पंगतीच्या मधून चालत आले अन् माह्या हातातलं पत्रावळीचं टोपलं खाली ठेवलं. अध्यक्ष समोरच उभा होता. सर त्याले म्हणाले, "माह्या पोरी खेळाडू हायेत. उष्टं काढायले नाही आणल्या मी त्या."

ओरडले नाहीत. पण साऱ्या पंगतीनं ऐकलं. सर आमाले घेऊन बाहेर निघाले. आमी कोणीच जेवलो नव्हतो. स्टँडवर हातगाडीवरचे भजे चारले त्यायनं आमाले. अध्यक्ष त्या दिवशी नुसता हसला होता.

पुढच्या साली शाळेले अनुदान आलं. जागा पक्की झाली. मनोज सर लागला.

सरायले सांगतलं, तुमची गरज नाही. कारण कोणी सांगतलं नाही, सरायनं इचारलं बी नाही. ते गेले तवा मी दहावी होऊन शाळेच्या बाहेर पडली होती. मनोज सरनं मले एक दिवस शिकवलं नाही. पुढे अमरावतीले कॉलेजात खेळली, राज्यावर गेली, खेळाडू कोट्यातून वनरक्षक लागली. ते सगळं सरायच्या मैदानावरचं होतं. त्यायची नोकरी माह्या हातातल्या पत्रावळीपायी गेली. त्यायच्या मेहनतीवर माही लागली.

अन् मी त्यायच्या समोर वाकली कोणाच्या पायावर? ज्यानं त्यायची जागा घेतली त्याच्या.

कार्यक्रम संपला. जेवण होतं. संघातल्या आताच्या पोरी, ड्रेसवर, पाणी वाटून राहिल्या होत्या. मी त्यायच्या हातून पाण्याचा गिलास घेतला अन् प्याली. तवा काहीच डोक्यात आलं नाही माह्या. मी सरायले शोधत होती. एक जण म्हणे, ते काका त कवाचेच गेले.

मी स्टँडवर पळत गेली. फेटा काढून हातात घेतला होता. सर अन् काकू अकोटच्या गाडीची वाट पाहत उभे होते. जे सुचलं ते केलं. सरायच्या पाया पडायले वाकली.

सर मांग सरकले.

"नको," म्हणाले. "वर्दीत पाया पडत नसतात. तिथं बी नाही अन् इथं बी नाही."

आवाज तोच होता, मैदानावरचा. चूक दाखवायचा. राग असता त मले बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "सर, मले माहीत नव्हतं." सर म्हणाले, "माहीत नसन. ठीक हाय." अन् रस्त्याकडे पाहू लागले.

गाडी आली. काकू चढता चढता म्हणाल्या, "तुह्या फोनवरून शर्ट आणला त्यायनं. मी म्हणत होती, नका जाऊ."

गाडी गेली. मी फेटा हातात घेऊन तिथंच उभी. माह्यासारखी नालायक पोरगी नाही, हे मी मोठ्यानं म्हटलं. बाजूचा पानठेल्यावाला पाहत राहिला.

एवढ्यावर थांबलं असतं त मी बी विसरली असती कदाचित. माणूस विसरतेच. पण काही दिवसानं भावानं व्हॉट्सअपवर फोटो पाठवला. शाळेच्या फाटकावर बॅनर लागलं. फाटकाएवढं. त्यात मी वाकलेली, मनोज सरचा हात माह्या फेट्यावर. खाली लिहिलं होतं, गुरू-शिष्य परंपरा जपणारी शाळा, प्रवेश सुरू.

भावानं खाली अंगठा पाठवला होता. त्याले अभिमान वाटला. बाप बी खुश. माय शेजारणीले घेऊन गेली ते बॅनर दाखवायले.

आमच्या रेंज ऑफिसात बी पोचला तो फोटो. एक सहकारी म्हणे, "हे तुमचे सर का मॅडम?" चहा पिऊन राहिलो होतो. सगळं सांगायचं म्हणजे लग्नापासून सांगा, पत्रावळीपासून सांगा. मले कंटाळा आला. मी म्हटलं, "हाव."

हाव. तो शब्द तोंडातून गेला अन् मले चहा गोड लागेना. स्टेजवर कंबर वाकली ते समजू शकते मी, ते अंगवळणी पडलेलं होतं. पण हे हाव मी इचार करून म्हटलं. एका शब्दात सरायले पुसून टाकलं. अध्यक्षानं इतक्या वर्षात जे केलं तेच मी चहा पिता पिता केलं. मंग माह्यात अन् त्याच्यात फरक काय राहिला?

पुढच्या सुट्टीले मी गावाले गेली. वर्दी नाही घातली. साधा ड्रेस, चप्पल. फाटकावर बॅनर होतं. वाऱ्यानं फुगून राहिलं होतं. मी माहीच पाठ पाहिली त्यात, वाकलेली. कशी दिसते ते पाहायले उभी राहिली. मंग ऑफिसात गेली.

अध्यक्ष बसला होता. आता म्हातारा झाला, पण खुर्ची तीच. मनोज सर बाजूले. मले पाहून दोघं खुश झाले. "ये, ये. बस. चहा सांग रे."

मी बसली नाही. म्हटलं, "ते बॅनर काढा."

"कावून? फोटो चांगला आला की तुहा."

"हे माहे सर नाहीत. मले यायनं शिकवलं नाही. ज्यायनं शिकवलं त्यायले तुमी घरी बसवलं."

अध्यक्ष हसला. तेच हसणं, लग्नातलं. म्हणे, "अगं, मान देला तुले. तुह्या बापानं कधी स्टेज पाहिलं होतं का? तुमा लोकायचं असंच हाय. वर बसवलं का खालचं दिसत नाही."

मनोज सर म्हणाला, "ताई, एका फोटोचं काय घेऊन बसल्या. मी काय मागून घेतलं का? मले लावलं, मी लागलो." तो खोटं बोलत नव्हता. त्याले खरंच वाटत होतं का यात त्याचं काही नाही. आयतं भेटलं त्याले, अन् आयतं भेटणाऱ्याले कोणाचं गेलं हे कधी इचारावं लागत नाही.

तेवढ्यात एक पोरगी चहा घेऊन आली. संघाचा ड्रेस घातलेला. ट्रे दोन्ही हातानं धरलेला, नजर चहावर. तिचे गुडघे खरचटलेले नव्हते. खो-खो खेळणाऱ्या पोरीचे गुडघे साबूत कसे, हे माह्या मनात आलं.

मी तिले इचारलं, "कोणत्या जागेवर खेळतेस?"

"खांबावर."

"सूर मारता येते?"

तिनं मनोज सरकडे पाहिलं. मंग म्हणे, "नाही शिकवलं अजून."

"मंग ड्रेस कधी घालता?"

"कार्यक्रम असला का."

मी त्या दिवशीचा पाण्याचा गिलास आठवला. यायच्याच हातून प्याली होती मी. तवा मले दिसलं नाही. शाल खांद्यावर होती ना, म्हणून दिसलं नाही. अध्यक्ष म्हणे ते एका परीनं खरंच होतं. वर बसवलं अन् मले खालचं दिसेनासं झालं. फक्त त्याले वाटत होतं का मी त्याचे उपकार विसरली. मी विसरली होती ते पंगतीतलं माहं टोपलं.

मी पोरीले म्हटलं, "ट्रे ठेव खाली. तू खेळाडू हायस."

तिनं नाही ठेवला. तिनं अध्यक्षाकडे पाहिलं, मंग माह्याकडे पाहिलं, अन् ट्रे अजून घट्ट धरला. बरोबरच होतं तिचं. मी उद्या निघून जाणार, ती इथंच राहणार. मी कोण तिची? मी स्वतः कधी टोपलं खाली ठेवलं होतं? माह्या हातातून सरायनं घेतलं होतं. म्हणून मी तिच्या हातातून ट्रे घेतला अन् अध्यक्षाच्या समोर टेबलावर ठेवला. तिले म्हटलं, "जाय वर्गात." ती गेली.

अध्यक्षाचं हसणं गेलं. "तुह्या साहेबाले फोन करतो मी. ओळख हाय माही वर."

"करा," मी म्हटलं.

बाहेर आली. फाटकावर चढली. चपरासी म्हणे, "ताई, पडशान." बॅनरच्या दोऱ्या करकचून बांधलेल्या होत्या, नखं तुटली माही. एक बाजू सुटली अन् बॅनर खाली लोंबलं. शाळा सुटायची वेळ होती. पोरं, त्यायले न्यायले आलेल्या बाया, ऑटोवाले, सगळे थांबले. मायच्या ओळखीची भाजीवाली बाई थांबली. मी फाटकावरूनच सांगतलं. मले भाषण येत नाही. मी सांगतलं का या फोटोतला माणूस माहा सर नाही. माह्या सरायचं नाव घेतलं, पुरं, आडनावासकट. त्यायनं आमाले उष्टं काढू देलं नाही म्हणून त्यायची नोकरी गेली, अन् ती कोणाले भेटली, हे बी सांगतलं. मी चुकीच्या माणसाच्या पाया पडली, हे बी सांगतलं. ते सांगताना माहा आवाज फाटला.

टाळ्या बिळ्या काही वाजल्या नाहीत. एक ऑटोवाला म्हणे, "जाऊ द्या ताई, जुन्या गोष्टी." दोन-चार बाया आपसात बोलू लागल्या. त्यायतली एक, खालच्या पुऱ्यातली, मोठ्यानं म्हणे, "खरं बोलून राहिली ते. माही नणंद होती त्या लग्नात." तेवढंच.

दोन दिवसात त्याच फोटोचं नवं बॅनर लागलं. पहिल्यापेक्षा मोठं. माह्या साहेबानं मले बोलावून समज देली का सुट्टीत बी सरकारी माणसानं असे तमाशे करू नये. बाप माह्याशी बोलत नाही. म्हणते, अध्यक्षाच्या शेतातून आपल्या मळ्याले वाट हाय, तेवढा तरी इचार करायचा होता.

सरायच्या कानावर गेलंच. त्यायचा फोन आला. मले वाटलं, आता त्यायले बरं वाटलं असन. सर म्हणाले, "कावून केलं? मले आता काही नको त्यायचं."

"तुमच्यासाठी केलं सर."

"मी सांगतलं होतं का? माह्या नावानं भांडू नको. पत्रावळी तुह्या हातात होत्या. तुह्या नावानं भांड."

फोन ठेवून देला. मी लय रडली. मले माफी पाहिजे होती त्यायच्याकडून, अन् त्यायनं ते काही देली नाही. पण मंग मले समजलं. इतके दिवस मी सरायच्या अपमानावर रडत होती. माहा अपमान मी अपमान म्हणून कधी मोजलाच नव्हता. भाजीवालीच्या पोरीनं पत्रावळ उचलली, त्यात काय, असं माह्या आतल्या आत मलेच वाटत होतं. म्हणून तर स्टेजवर वाकायले सांगतलं अन् मी वाकली. जिले आपला अपमान दिसत नाही, तिले दुसऱ्याचा कुठून दिसन?

सरायचं मी भरून देऊ शकत नाही. त्यायची वर्षं गेली ती गेली. मांडवातली ती घडी, सगळ्यायच्या समोर, काकूच्या समोर, ते मी काहीही केलं तरी पुसणार नाही. ते ओझं माहं हाय अन् ते माह्याच डोक्यावर राहीन. हलकं व्हावं अशी इच्छा बी नाही माही.

परवा अमरावतीहून एका मंडळाचा फोन आला. जुन्या खेळाडूंचा अन् प्रशिक्षकांचा सत्कार ठेवला म्हणे. तुमी याच, वर्दीवर या.

या वेळी मी पहिले इचारलं, "प्रशिक्षक कोण कोण हायेत?" त्यायनं नावं सांगतली. मी म्हटलं, "येईन. पण ऐकून घ्या. स्टेजवर मी कोणाच्याच पाया पडणार नाही. पोरी पाणी वाटायले ठेवल्या असन त मी माइकवरूनच त्यायले खाली बसायले सांगीन. मले कोणं शिकवलं त्याचं नाव घेईन, अन् त्याची नोकरी कोणं खाल्ली, त्याचं बी घेईन, तिथंच, सगळ्यायच्या समोर. चालत असन त बोलवा."

तो म्हणाला, "कळवतो ताई."

अजून कळवलं नाही. न कळवो. फाटकावर चढून मी एकदा सांगतलं हाय. कोणी बोलवो नाही त न बोलवो, मी सांगतच राहीन.